एक दिवा, दोन बटणे

अंधारात जिना चढणे हे म्हातारपणी मोठे जोखमीचे काम असते. एक पायरी चुकली, तरी हाड मोडते. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात खापर हे गाव आहे. तेथील एखाद्या माडीच्या घराची कल्पना करा. जिन्यात दिवा आहे. परंतु बटण खालीच आहे. आजीबाई दिवा लावून वर गेल्या. आता तो मालवावा कसा? मालवण्यासाठी खाली यावे, तर पुन्हा अंधारात वर चढावे लागते. न मालवावा, तर रात्रभर वीज वाया जाते. ह्यावर तोड म्हणून एकाच दिव्याला दोन बटणे बसवितात : एक जिन्याच्या पायथ्याशी व दुसरे माथ्याशी.

साध्या बटणाला दोन टोके असतात. ती जुळली म्हणजे दिवा लागतो, विलग झाली म्हणजे विझतो. जिन्याच्या बटणाला मात्र तीन टोके असतात. त्यास ‘टू-वे’ बटण म्हणतात. त्याचे एक टोक समाईक असते. बटण एका बाजूस दाबले की समाईक टोक दुसऱ्या टोकाशी जुळते. उलट बाजूस दाबले की तिसऱ्याशी जुळते.

विजेची फेज तार खालच्या बटणाच्या समाईक टोकाला येते. वरच्या बटणाच्या समाईक टोकापासून एक तार दिव्याकडे जाते. दिव्यातून निघालेली तार न्यूट्रलला मिळते. दोन्ही बटणांची उरलेली टोके दोन तारांनी एकमेकांस जोडलेली असतात.

समजा, खापरहून अक्कलकुव्यास जाण्यास दोनच वाटा आहेत आणि दोन्ही गावांच्या वेशींवर एकेक फाटक आहे. प्रत्येक फाटक एका वेळी एकच वाट मोकळी ठेवते. दोन्ही फाटकांनी एकच वाट मोकळी ठेवली, तर वाटसरू पोहोचतो. एरव्ही तो अडतो. विजेचेही तसेच आहे. म्हणूनच दिवा लागलेला असो वा विझलेला, कोणतेही एक बटण फिरविले की त्याची स्थिती पालटते.

ही युक्ती घरापुरतीच राहिली नाही. १९३७ साली अमेरिकेत क्लॉड शॅनन ह्या तरुणाने आपल्या प्रबंधात दाखवून दिले, की अशा जोडण्यांचा विचार बीजगणिताने करता येतो. संगणकाच्या रचनेला त्या विचाराचा मोठा आधार मिळाला.

मुलांनो, एक गोष्ट मात्र कधीही विसरू नका. ह्या बटणाकडे पाहून वीज बंद आहे की चालू, हे कळत नाही. दिवा विझलेला असतानाही बटणांमधील एका तारेत वीज असतेच. शिवाय कोणी वर दिवा बदलत असता खालून दुसऱ्याने अजाणता बटण दाबले, तर प्राणावर बेतू शकते. घरातील वीज २३० व्होल्ट दाबाची असते. म्हणून आधी मुख्य स्विच बंद करावा आणि जोडणीचे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. तुम्हांस प्रयोग करावयाचा असेल, तर तो दीड व्होल्टचे दोन सेल व विजेरीचा दिवा घेऊनच करावा.

स्वाध्याय
१. साधे बटण व टू-वे बटण ह्यांतील फरक सांगा.
२. दोन बटणांच्या मिळून किती स्थिती संभवतात? त्यांपैकी कितींत दिवा लागतो?
३. दिवा बदलताना मुख्य स्विच का बंद करावा?