वरच्या कोर्टात साक्ष होत नाही

सार्वजनिक परिवहन उपक्रमातल्या कामगार संघटनेचं काम मी तीस वर्षं केलं. बडतर्फ वाहकांबरोबर खात्याच्या चौकशीत बसलो, कामगार न्यायालयात हेलपाटे घातले, उच्च न्यायालयात मागच्या बाकावर दिवस काढले. नव्या प्रतिनिधींसाठी हे लिहून ठेवतो आहे.

१. खटल्याचा निकाल चौकशीच्या खोलीतच ठरतो.

आमच्या एका वाहकाच्या झोळीत तपासणी पथकाला ४२ रुपये जास्त सापडले. एका म्हातारीला सुट्टे द्यायचे राहिले होते. रक्कम त्याने तिच्या तिकिटामागे लिहून दिली होती. तिकीट तिच्याबरोबर गावी गेलं. चौकशीत तपासनिसाची साक्ष झाली आणि खाली वाहकाने सही केली, ‘मला काही विचारायचे नाही.’ मी त्या दिवशी दुसऱ्या आगारात होतो. त्याची रुखरुख अजून आहे.

तो बडतर्फ झाला. कामगार न्यायालयाने त्याला परत कामावर घ्यायला सांगितलं, मालकाने त्याला आव्हान दिलं आणि नऊ वर्षांनी प्रकरण उच्च न्यायालयात पोहोचलं. न्यायमूर्तींनी पानं उलटली आणि त्या एका ओळीवर बोट ठेवलं. “साहेब, म्हातारीला आता शोधून आणू का?” वाहकाने आमच्या वकिलांना हळूच विचारलं. आणून उपयोग नव्हता. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ किंवा २२७ खाली निवाडा तपासताना उच्च न्यायालय सहसा नव्याने साक्षीपुरावा घेत नाही. खालच्या कोर्टाला अधिकार होता का, दोन्ही बाजूंना संधी मिळाली का, निष्कर्षाला काहीतरी पुरावा आहे का, कायद्याची उघड चूक दिसते का, एवढंच बघतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये सय्यद याकूब प्रकरणात ही चौकट स्पष्ट केली आणि ती आजही टिकून आहे. प्रवाशाची साक्ष झाली नाही म्हणून चौकशी पडेल, ही आशाही धरू नका. १९७७ च्या रतन सिंग निकालाने तो रस्ता बंद केला. तोही वाहकच होता, हरियाणाचा.

म्हणून उलटतपासणी कधीही सोडू नका. तपासनिसाला निदान एवढं तरी विचारा: प्रवाशांचे सुट्टे देणं बाकी होतं का?

२. ‘पार्ट-वन’, म्हणजे चौकशी योग्य झाली का हा कोर्टातला पहिला मुद्दा, जिंकलात म्हणून पेढे वाटू नका.

चौकशी सदोष ठरली, तरी मालकाने आधीच तशी मागणी केली असेल तर त्याला कोर्टात आरोप नव्याने सिद्ध करता येतो.

३. रक्कम लहान आहे, यावर विसंबू नका.

औद्योगिक विवाद कायद्यात (तो २०२५ पर्यंत लागू होता) १९७१ मध्ये कलम ११अ आलं आणि शिक्षा बदलायचा अधिकार कामगार न्यायालयाला मिळाला. पण कर्नाटकातल्या एका वाहकाकडे हिशेबाबाहेरचे ९३ रुपये सापडले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने रक्कम नव्हे, गेलेला विश्वास पाहिला आणि बडतर्फी कायम केली. मला तो निकाल आजही कठोर वाटतो. त्यावर उतारा एकच: माणसाची मागची सेवा कागदावर आणा. आमच्या वाहकाची २१ वर्षं कोरी होती, त्या सेवेचा दाखला आम्ही कामगार न्यायालयात दिला होता. पुन्हा कामावर घेण्याचा निवाडा वर टिकला तो त्याच्याच जोरावर.

४. लवाद नेमला म्हणजे कोर्ट सुटलं, असं नाही.

दोन्ही बाजू लेखी कराराने लवाद नेमू शकतात (जुन्या कायद्यात कलम १०अ). त्याचाही निवाडा उच्च न्यायालय तपासू शकतं, हे गुजरात स्टील ट्यूब्ज प्रकरणात १९७९ मध्येच ठरलं.

५. शेवटच्या पगाराचा (जुन्या कायद्यात कलम १७ब) अर्ज पहिल्या तारखेलाच द्या.

कामावर घेण्याच्या निवाड्याला मालकाने वर आव्हान दिलं, तर निकाल लागेपर्यंत कामगाराला शेवटचा पगार मिळतो. तो बडतर्फीच्या वेळच्या दराने मिळतो, तरी घर तगतं. दुसरीकडे नोकरी नाही, असं प्रतिज्ञापत्र मात्र द्यावं लागतं आणि ते खरंच असलं पाहिजे. आमच्या वाहकाच्या घरी वहिनी शिलाई करून चूल पेटती ठेवत होत्या. आम्ही अर्ज दिला दीड वर्ष उशिरा. ती चूक संघटनेची, माझी.

अखेर नोकरी मिळाली, सेवेत खंड धरला नाही. कामगार न्यायालयाने दिलेला निम्मा मागचा पगार मात्र उच्च न्यायालयाने काढून घेतला, कारण आरोप सिद्धच राहिला होता, त्या सहीमुळे. तो रुजू झाला तेव्हा निवृत्तीला चौदा महिने उरले होते. बडतर्फ झाला तेव्हा हातात तिकिटांची पेटी आणि पंच होता. आता खिडकीतून तिकिटांचं मशीन मिळालं. शेजारच्या तरुण वाहकाने त्याला बटणं समजावली आणि “काका, सुट्टे जपून,” म्हणाला.