काम नसताना शेजारी जावे



३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर किनाऱ्यावर आदळले. हरिहरेश्वर परिसरातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. वीज गेली, मोबाईल मुके झाले. टाळेबंदी असूनही माणसांना माणसांची गरज लागली. पुढे वीज आली, आणि जो तो पुन्हा आपल्या पडद्यात शिरला.

ॲरिस्टॉटलच्या मते माणसे गरजेपोटी एकत्र येतात. पण एकत्र राहतात ती चांगले जगण्यासाठी. आपण बहुधा पहिल्याच पायरीवर थांबतो.

नवी पोफळ लावली तर फळाला कित्येक वर्षे वाट पाहावी लागते. शेजारही तसाच. तो संकटाच्या दिवशी उगवत नाही. आधी लावावा लागतो.

या आठवड्यात काही काम नसताना एका शेजाऱ्याकडे जाऊन बसू या.