पिपीलिका, मंडूक आणि अल्कलॉइडे : जंगम विषाचा पुनर्विचार

प्रस्तावना
महाळुंगे पडवळ परिसरात पहिल्या पावसानंतर शेताच्या बांधावर लाल मुंग्या डसलेले रुग्ण आमच्याकडे येतात, तेव्हा अनेकांनी दंशावर चुना लावलेला असतो. मुंगीचे विष आम्ल, म्हणून त्यावर क्षार, असा त्यामागील तर्क. हा तर्क प्रत्येक मुंगीस लागू पडत नाही. त्या निमित्ताने पिपीलिका व मंडूक यांच्या विषाचा विचार येथे करीत आहोत.

ग्रंथोक्त विचार
सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानातील कीटकल्प अध्यायात पिपीलिकांचे सहा व मंडूकांचे आठ प्रकार सांगितले आहेत. पिपीलिकादंशात शोथ व अग्निस्पर्शासारखा दाह, तर मंडूकदंशात कंडू व मुखातून पीतवर्ण फेस ही लक्षणे होत. भृकुटी व कोटिक या दोन मंडूकांच्या बाबतीत दाह, छर्दी व मूर्च्छा यांचे आधिक्य सांगितले आहे. प्राणी एकाच वर्गातील असला तरी प्रकारभेदाने विष बदलते, हे यातील मर्म होय.

मुंगीचे विष
मुंगळे जे सोडतात ते फॉर्मिक आम्ल. त्यात नायट्रोजन नसल्याने ते अल्कलॉइड नव्हे. याउलट सोलेनॉप्सिस वंशातील लाल मुंगी जबड्याने त्वचा धरते आणि मागील टोकाच्या नांगीने डंख करते. तिच्या विषाचा बहुतांश भाग पायपेरिडीन गटातील अल्कलॉइडांचा असतो व ती ते स्वतःच्या शरीरात तयार करते. हेच पायपेरिडीनचे वलय आपल्या नित्याच्या मरिच-पिप्पलीतील पायपेरीनमध्येही आहे. वलय समान असूनही एक द्रव्य दीपन-पाचन, तर दुसरे त्वचेतील पेशींचा नाश करणारे. अल्कलॉइड मुळातच क्षारधर्मी असल्याने चुन्याने त्याचे शमन होत नाही, उलट त्वचा पोळण्याचा धोका असतो.

मंडूकाचे विष
मध्य व दक्षिण अमेरिकेतील रंगीत विषारी बेडकांच्या त्वचेतील अल्कलॉइडांचा अभ्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डॉ. जॉन डेली यांनी अनेक दशके केला. बंदिस्त जागेत, निराळ्या आहारावर वाढविलेल्या बेडकांत ही विषे आढळली नाहीत. २००४ साली पनामातील मुंग्यांमध्ये पुमिलिओटॉक्सिन हे बेडकातील अल्कलॉइड सापडले. म्हणजे हा मंडूक आपले विष आहारातून साठवितो. यातीलच एपिबॅटिडीन (रचनानिश्चिती १९९२) उंदरांवरील प्रयोगांत मॉर्फिनच्या सुमारे २०० पट वेदनाशामक ठरले. परंतु गुणकारी व घातक मात्रा अगदी जवळ असल्याने त्याचे औषध होऊ शकले नाही.

आपल्याकडील भेकाची, म्हणजे अंगावर गाठी असलेल्या बेडकाची, गोष्ट निराळी. त्याच्या डोळ्यांमागील ग्रंथींच्या स्रावात बुफोडायनोलाइडे असतात. ती अल्कलॉइडे नसून करवीराप्रमाणे हृदयावर कार्य करणारी द्रव्ये आहेत. न्यूयॉर्क शहरात १९९३ ते १९९५ या काळात बाह्योपयोगासाठी विकले जाणारे, या द्रव्यांनी युक्त असे कामोत्तेजक पोटात घेतल्याने पाच पुरुष आजारी पडले व त्यांपैकी चौघे दगावले.

व्यवहारात लक्षात घ्यावयाचे
१. लाल मुंगीच्या दंशानंतर येणारी पुळी फोडू नये. ती प्रारंभी जंतुसंसर्गाची नसते. जागा धुऊन थंड शेक द्यावा.
२. विषातील अल्प प्रथिनांमुळे तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते. अंगभर पित्त उठणे, श्वास लागणे, ओठ सुजणे यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.
३. भेकाचे मांस वा स्राव पोटात गेल्यास, छर्दीबरोबर नाडी मंद होत असल्यास, घरगुती उपचारांत वेळ दवडू नये. हृदयालेख व रक्तातील पोटॅशियमची तपासणी निकडीची असते.
४. औषधविक्रेत्या बंधूंनी घटकद्रव्ये न लिहिलेले वाजीकरण योग दुकानात ठेवू नयेत. बाह्योपयोगी द्रव्य देताना 'पोटात घेऊ नये' हे तोंडीही सांगावे.

उपसंहार
वत्सनाभ व कुचला आपण शोधनाशिवाय वापरीत नाही, कारण त्यांचे सामर्थ्य आपण जाणतो. 'नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी' असे मानणाऱ्या रुग्णास हीच जाणीव देणे आपले कर्तव्य होय. विष कोणत्या प्राण्याचे, कोणत्या मार्गाने व किती मात्रेत शरीरात गेले, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून विषचिकित्सेस प्रारंभ करू नये.