चोक घेताना नेमप्लेट मागा

कुपवाडच्या आमच्या युनिटमध्ये एक्स्ट्रूडरला 30 किलोवॅटचा ड्राइव्ह बसवला. पॅनेलवाल्याने कोटेशनमध्ये इनपुट चोक लिहिला होता, त्याचे पैसेही घेतले. तरी ड्राइव्ह सारखा 'ओव्हर व्होल्टेज' दाखवून ट्रिप व्हायचा, आणि शेवटी रेक्टिफायर मॉड्यूलच उडालं. पॅनेलवाल्याचं उत्तर ठरलेलं: "साहेब, तुमची लाईनच खराब आहे." महावितरणवर ढकललं की हा मोकळा!

एका दुपारी मी पॅनेलजवळून हललोच नाही. पॉवर फॅक्टरसाठी कपॅसिटर जोडणाऱ्या एपीएफसीचा कॉन्टॅक्टर खट्ट वाजला, ड्राइव्ह ट्रिप. चालू केला, पुन्हा खट्ट, पुन्हा ट्रिप. कपॅसिटर लाईनवर येताना उठणारी ही उसळी दाबायलाच तर चोक असतो! मग पूर्ण लोडवर चोकच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजलं. तीन टक्क्यांच्या चोकवर दर फेजला सातेक व्होल्ट पडायला हवेत. इथे जेमतेम दोन. नेमप्लेट नव्हतीच. मीटरचा फोटो पॅनेलवाल्याला पाठवला, त्या दिवसापासून गृहस्थ फोन उचलत नाही.

ऑर्डरमध्ये नुसतं 'चोक' लिहू नका. टक्के, अँपिअर, मिलीहेन्री, तिन्ही लिहून घ्या. ड्राइव्हचा इनपुट करंट 60 अँपिअर असेल, तर 415 व्होल्टला तीन टक्क्यांचा चोक साधारण 0.38 मिलीहेन्रीचा येतो. करंट ड्राइव्हच्या इनपुटचा धरा, मोटरच्या प्लेटवरचा नको. दीडपट करंटलाही कोअर सॅच्युरेट होणार नाही, हे लेखी मागा. स्वस्त माल इथेच मार खातो. ड्राइव्हमध्ये डीसी चोक आहे, मग हा कशाला, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. डीसी चोक हार्मोनिक्स कमी करतो, पण तो डायोडच्या पलीकडे बसतो. लाईनची उसळी आधी डायोडवरच येते.

आमचा चोक ड्राइव्हच्या बरोबर खाली ठोकला होता, सगळी गरम हवा ड्राइव्हच्या पंख्यात. चोक चांगलाच तापतो. त्याला बाजूला मोकळी जागा द्या, वायरी अंगाला टेकू देऊ नका, कोअरला अर्थिंग करा. लग नीट क्रिंप करा, बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा.

आणि मेन स्विच पाडून कुलूप लावलं तरी लगेच हात घालू नका. डीसी बसवर 580 व्होल्टच्या वर साठलेलं असतं. ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबा, मग प्लस-मायनसवर मीटर लावून शून्य बघा. त्या पॅनेलवाल्याचा पोरगा डिस्प्ले विझला की पाना घेऊन पुढे व्हायचा. मी दोनदा त्याचा हात धरला, पॅनेलवाल्याने मात्र त्याला कधी हटकलं नाही.