घरमाशीची वाढ आणि औषधशाळेचे परस

औषधशाळेत माश्या वाढल्या की दारांस जाळी बसविली जाते, फिनेल टाकले जाते, सायंकाळी गुग्गुळ-निंबपत्राचे धूपन होते. हे सर्व योग्यच आहे. तथापि माशी निपजते ती जागा बहुधा भिंतीबाहेर, आपल्याच परसात असते. म्हणून घरमाशीच्या वाढीस कोणती परिस्थिती पोषक ठरते, याचा विचार आपण करू.

मादी एका खेपेस सुमारे ७५ ते १५० अंडी घालते आणि अशा अनेक खेपा होतात. केवळ गूळ-साखरेवर माशी जगते. परंतु अंडी पक्व होण्यास तिला प्रथिनयुक्त आहार लागतो. म्हणजे अवलेहाच्या कढईवर बसणारी माशी बहुधा आधी शेणावर वा खरकट्यावर बसून आलेली असते! अंड्यास ओलावा अत्यावश्यक. ते सुकल्यास अळी निघत नाही. उष्ण हवेत ८ ते २० तासांत अळी बाहेर पडते. ३५ ते ३८ अंश सेल्सिअस तापमानात तिची वाढ ४ ते ७ दिवसांत पूर्ण होते. १२ ते १७ अंशांत तिलाच १४ ते ३० दिवस लागतात. कोषावस्थाही थंडीत अशीच लांबते. अनुकूल ऋतूत अंड्यापासून माशीपर्यंतचा काळ अवघा ७ ते १० दिवसांचा असतो.

हा आकडा आम्हास उशिरा उमगला. क्वाथ गाळून उरलेला चोथा आम्ही दर पंधरवड्यास उचलवीत असू. एका भाद्रपदात, पाऊस उघडून ऊन पडल्यावर, माश्यांमुळे अवलेहाचा एक संपूर्ण घाणा टाकून द्यावा लागला. शोध घेता चोथ्यात अळ्या थोड्याच आढळल्या. जवळच्या रिकाम्या पोत्यांखाली मात्र तपकिरी कोषांचा खच पडला होता. पूर्ण वाढलेली अळी ओली जागा सोडून कोरड्या आडोशास जाते, हे आम्ही ध्यानी घेतले नव्हते. पंधरवड्याच्या अवधीत एक पिढी उडूनही गेली होती.

तेव्हापासून चोथा दर तिसऱ्या दिवशी हलविला जातो. ऊन असल्यास तो पातळ पसरावा. पावसाळ्यात ते शक्य नसते; अशा वेळी दाबून ढीग करावा व वरचेवर वरखाली करावा. कुजताना ढिगाचा गाभा अळीस असह्य होईल इतका तापतो, म्हणून अळ्या कडेच्या थरात राहतात. उलथापालथीने त्या गाभ्यात सापडतात. पुटासाठीच्या गोवऱ्याही पातळ थापाव्यात, म्हणजे लवकर वाळतात. ओल्या शेणाचा साठा परसात नकोच.

व्रणावर बसून मक्षिका कृमी टाकतात, हे सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात नोंदविले आहे व धावनासाठी सुरसादि गण सांगितला आहे. तेथील मक्षिका बहुधा निराळ्या जातीची असावी. धूपनाविषयी आमचे मत इतकेच, की त्याने उडती माशी दूर होते. चोथ्यातील अळीस त्याची झळ पोहोचत नाही. औषधनिर्मितीची जागा कीटकमुक्त असावी, ही शेड्यूल टी मधील अपेक्षा आहे. निरीक्षक येण्यापूर्वी आपण जाळ्या तपासतो, त्याच वेळी पोतीही उचलून पाहावीत.