किनारा सोडण्यापूर्वी

मालवणहून तारकर्लीच्या वाटेने दक्षिणेस जाऊ लागले म्हणजे भूमी उत्तरोत्तर निमुळती होत जाते, आणि देवबागला पोहोचेपर्यंत एका अंगास अरबी समुद्र व दुसऱ्या अंगास कर्ली नदीची खाडी यांच्यामध्ये माडांनी भरलेली एक चिंचोळी पट्टी एवढेच तिचे स्वरूप उरते. तिच्या टोकाशी, पलीकडे भोगव्याची पुळण दिसत असताना, नदी समुद्राला मिळते. जेट स्कीवर बसून, वाटाड्याच्या मागोमाग खाडीतून या संगमापर्यंत जाण्याची सफर इतकी रमणीय आहे की तिच्याविषयी कोणाचे मन कलुषित करावे असा माझा लवमात्र हेतू नाही. परंतु तेथे माझ्या पुतण्यावर व माझ्यावर जो प्रसंग ओढवला त्याचे मूळ या वाहनाच्या रचनेतच होते, आणि काठावर त्याविषयी आम्हांस कोणी एक अक्षरही सांगितले नव्हते. म्हणून ते येथे विस्ताराने सांगणे मला अगत्याचे वाटते.

या वाहनाला होडीसारखे सुकाणू नसते. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, आतील पंखा ते मागच्या तोटीतून झोताने बाहेर फेकतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने वाहन पुढे जाते; हातातील दांडी फिरविली असता बदलते ती केवळ त्या तोटीची दिशा. अर्थात झोत आहे तोवरच वळण आहे. वेगाची कळ सोडली की झोत मंदावतो, आणि दांडी कितीही वळविली तरी वाहन पूर्वीच्याच दिशेने सरकत राहते. काही नव्या वाहनांत यावर तजवीज केलेली असते खरी, तथापि भाड्याच्या वाहनात ती असेलच असे गृहीत धरू नये.

पुतण्याचा हात मोटारसायकलीवर तयार झालेला होता. ओहोटी लागली होती, प्रवाह समुद्राकडे ओढ घेत होता आणि वाटाड्या बराच पुढे निघून गेला होता. एवढ्यात कांदळवनाच्या आडून एका मासेमाराची होडी आडवी आली. रस्त्यावर कोणीही करील तेच पुतण्याने केले: कळ सोडली आणि दांडी वळविली. वाहन वळले नाही. होडीतील वृद्ध गृहस्थांनी प्रसंगावधान राखून होडी मागे रेटली म्हणून टक्कर हातभर अंतराने टळली. आम्ही मात्र तोल जाऊन पाण्यात पडलो आणि संगमाच्या दिशेने वाहू लागलो. तेथे बाहेर जाणारे खाडीचे पाणी आत येणाऱ्या लाटांवर आदळून त्या उंच व खड्या होतात, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला आमच्या मनाची अवस्था सांगावयास नको. त्या गृहस्थांनीच आम्हांला होडीच्या काठाला धरावयास लावले, आणि माझ्या पुतण्याला ते एवढेच म्हणाले, “झिला, सोडलंस कित्याक? जोर दिल्याबिगर ता वळणा नाय.” जे ज्ञान आम्हांस पैसे मोजून काठावर मिळावयास हवे होते, ते असे पाण्यात मिळाले.

इंजिनाच्या किल्लीला जोडलेली दोरी चालकाच्या मनगटाला बांधलेली होती, त्यामुळे आम्ही पडताच इंजिन बंद झाले व वाहन भरकटले नाही. ही दोरी प्रत्येकाने स्वतः ओढून पाहावी. मागे बसणाऱ्याने चालकाला वा पट्ट्याला घट्ट धरावे, कारण तो मागच्या मागे तोटीसमोर पडला तर झोताचे पाणी शरीरात शिरून आतड्यांना गंभीर इजा होऊ शकते. पाण्यातून पुन्हा चढताना इंजिन बंद आहे याची खात्री करून मागच्या बाजूनेच चढावे. वाहन उलटले असेल तर मागील पट्टीवर बाणाने दाखविलेल्या दिशेनेच ते सरळ करावे.

पाण्याच्या वेळेचा हिशेब आपणही ठेवावा. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता भरती पूर्ण होण्याची वेळ स्थूलमानाने निघते, असा कोकणचा जुना आडाखा आहे: अष्टमीस सहा, आणि पुढे सुमारे सहा तास ओहोटी. ठिकाणपरत्वे ही वेळ थोडी मागेपुढे होते; अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाहाची ओढ अधिक असते. ओहोटीत उथळ झालेल्या पुळणीवरून वाहन नेले तर जाळीतून वाळू आत ओढली जाते आणि ते ऐन प्रवाहात बंद पडते.

परवाना पाहण्यास मागावा. सही करावयाचे हमीपत्र वाचून पाहावे, त्यात बहुधा सर्व जबाबदारी आपल्याच माथी लिहिलेली असते. वाटाड्याची खरी पारख मात्र तो किनारा सोडण्यापूर्वी काय सांगतो यावरून करावी. रुंद, मोकळ्या पाण्यात मंद गतीने एकदा कळ सोडून आणि एकदा कळ देऊन वळण घ्यावयास त्याने लावले पाहिजे, म्हणजे दोहोंतील फरक हाताला कळतो. गर्दीचे निमित्त सांगून त्याने हे टाळले तर पैसे परत मागावे आणि सरळ होडी करून संगमावर जावे. संगम होडीतूनही तितकाच चांगला दिसतो, आणि वृद्धांना व मुलांना बरोबर नेता येते.