पक्ष हरतो, कलम राहते

प्रश्न : पाकिस्तानात धार्मिक पक्षांना निवडणुकीत फारशा जागा मिळत नाहीत, असे वाचले. मग तिथल्या धर्मांधतेची एवढी धास्ती का? आणि कट्टर मंडळी राजकारणात आली तर धोका जास्त, की धर्माचा हट्ट कायद्यात शिरला तर?

उत्तर : तुमची माहिती बरोबर आहे. २००२ ची निवडणूक सोडली तर पाकिस्तानच्या राष्ट्रीय असेंब्लीत धार्मिक पक्षांना मोठे यश मिळालेले नाही. २०१८ मध्ये ‘तहरीक-ए-लब्बैक’ला बावीस लाखांहून अधिक मते पडली, पण असेंब्लीत एकही जागा मिळाली नाही. गल्लत होते ती पुढे. जागा नाहीत म्हणजे धोका नाही, असे आपण धरून चालतो आणि कायद्याचे पुस्तक उघडून बघत नाही.

या पुस्तकातले एक कलम पाहू. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२७ मध्ये दंडसंहितेत २९५-ए आले. धर्मभावना दुखावणे हा गुन्हा ठरला, पण त्यामागे जाणूनबुजून केलेला दुष्ट हेतू होता हे सिद्ध करावे लागे. फाळणीनंतर हे कलम दोन्ही देशांकडे राहिले. १९७७ मध्ये जनरल झिया उल हक यांनी लष्कराच्या बळावर पाकिस्तानची सत्ता घेतली. पाठीशी जनतेचा कौल नव्हता, म्हणून त्यांनी धर्माचा आधार शोधला. १९८६ मध्ये २९५-सी आले : पैगंबरांच्या अवमानाला मृत्युदंड किंवा जन्मठेप. यात हेतूचा उल्लेखच नाही. १९९० मध्ये संघीय शरियत न्यायालयाने जन्मठेपेचा पर्यायही अमान्य ठरवला.

झिया १९८८ मध्ये विमान दुर्घटनेत मरण पावले. पुढे बेनझीर भुट्टो आल्या, नवाझ शरीफ आले, मुशर्रफ आले. कलम जागचे हलले नाही. मुशर्रफ यांनी २००० मध्ये फक्त तक्रार नोंदवण्याची पद्धत जरा कडक करू म्हटले, पण विरोध होताच लष्करशहानेही माघार घेतली.

आता हे कलम गावपातळीवर कसे चालते ते बघा. जून २००९, शेखूपुरा जिल्हा. शेतात बायका फालसे तोडत होत्या. त्यांतल्या आसिया बीबीने पाणी आणले. ख्रिश्चन बाईच्या हातचे पाणी पिणार नाही म्हणून सोबतच्या काहीजणी अडल्या आणि बाचाबाची झाली. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास जाणणाऱ्या मराठी वाचकाला हा वाद वेगळा समजावून सांगायला नको. पण इथे २९५-सी हाताशी होते. काही दिवसांनी गावच्या मौलवीने पोलिसांत तक्रार दिली. २०१० मध्ये आसियाला फाशीची शिक्षा झाली, २०१४ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले ते ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी. एवढी वर्षे कोठडीत गेली. फौजदार, सरकारी वकील, जिल्हा न्यायाधीश यांपैकी कोणीही कट्टर पक्षाचा असण्याची गरज पडली नाही. कायदा होता, तो त्यांनी चालवला. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यात आहे.

हे एकाच धर्माचे दुखणे आहे, असा दुसरा समज असतो. तोही खरा नाही. कॅथलिक आयर्लंडने १९८३ मध्ये सार्वमत घेऊन राज्यघटनेतच लिहिले, की गर्भाचा आणि आईचा जगण्याचा हक्क समान. २०१२ मध्ये बेळगावात वाढलेली सविता हलप्पनवार ही ३१ वर्षांची दंतवैद्य गॉलवेच्या रुग्णालयात होती. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले होते. तिने गर्भपाताची विनंती केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत तोवर कायद्याने ते करता येत नाही, असे उत्तर मिळाले. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. उपचारांतही चुका झाल्याचे चौकशीत दिसले. पण डॉक्टरांचे हात बांधले होते ते घटनेतल्या त्या ओळीने, आणि तेव्हा आयर्लंडमध्ये कोणताही धर्मवेडा पक्ष सत्तेवर नव्हता.

मग राजकारणातली कट्टरता निरुपद्रवी का? मुळीच नाही. तिचा खरा घाव बसतो तो कायदा दुरुस्त करण्याच्या वाटेवर. आयर्लंडमध्ये सविताच्या मृत्यूनंतर लोक रस्त्यावर आले, उघड वाद झाले आणि २५ मे २०१८ रोजी ६६ टक्क्यांहून अधिक मतदारांनी ती तरतूद काढून टाकली. पाकिस्तानात पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांनी आसियाची बाजू घेतली, कायद्यावर टीका केली. ४ जानेवारी २०११ रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने त्यांना गोळ्या घातल्या. त्याला कोर्टात आणले तेव्हा काही वकिलांनी त्याच्यावर गुलाबपाकळ्या उधळल्या. दोन महिन्यांत मंत्री शाहबाज भट्टी यांचीही हत्या झाली. त्याआधीच शेरी रहमान यांनी मांडलेले दुरुस्ती विधेयक मागे घेतले गेले होते. इराणमध्ये तर ही वाट घटनेनेच अरुंद केली आहे : निवडणुकीला कोण उभे राहणार आणि संसदेचा कोणता कायदा टिकणार, हे बारा जणांचे पालक मंडळ ठरवते.

म्हणून माझे उत्तर असे : कायद्यात शिरलेली कट्टरता अधिक घातक, कारण ती आणणारा गेला तरी ती राबत राहते, आणि तिच्याविरुद्ध बोलणेच जिवावर बेतू लागले, की ती जवळजवळ कायमची होते. धर्मरक्षणाच्या नावाने एखादे विधेयक आल्याची बातमी वाचाल तेव्हा ते कोणत्या पक्षाने मांडले एवढ्यावर थांबू नका. गुन्ह्यासाठी हेतू सिद्ध करावा लागणार आहे का आणि तक्रार कोण करू शकतो, हे त्याच्या मसुद्यात जरूर वाचा.